विशेष म्हणजे किती?

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. काठाला जराशी चेपलेली, पण अजून टाकाऊ नाही! माझ्या पोटावर नाव कोरलेले आहे : ‘चि. वेदांत यास, मामाकडून.’ पुण्याच्या दुकानात ते नाव घालताना मशीन असे काही किरकिरले की माझ्या अंगावर काटा आला. बारसे आटोपून मेधाताई बाळाला घेऊन सिंगापूरला परतल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेतून मीही आले.

तिथल्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटमध्ये माझा थाट होता. वेदांतचा मऊ भात माझ्यातच कालवला जाई. पुढे साहेब मोठे झाले, बाऊलमधून नूडल्स खाऊ लागले आणि माझी रवानगी रव्याच्या डब्यात झाली. मापाची वाटी! मला वाईट वाटले, पण शिरा माझ्याच मापाने होई. “मम्मी, वन मोर वाटी, कॅन?” असे तिथल्या इंग्रजीत म्हणत वेदांत स्वयंपाकघरात आला की माझा रुसवा पळून जाई.

मग वेदांत विशीत आल्यावर एका संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, भांडण झाले. वेदांतने आणि त्याचा मित्र अनीशने मिळून एका माणसाला मारले. त्याचा हात मोडला. दोघांनीही गुन्हा कबूल केला, पण खटले वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे चालले. गुन्हा ‘विशेष निंद्य’ असेल तर शिक्षा वाढवावी, असा नियम होता. एका न्यायाधीशांना तो तसा वाटला, दुसऱ्यांना नाही. वेदांतला अनीशपेक्षा वर्षभर जास्त तुरुंगवास मिळाला. घरातला शिरा बंद झाला.

त्याची वकील गार्गी. तिचे ऑफिस दूर शहराच्या मध्यात, रॅफल्स प्लेसला, पण ती अपिलाचे कागद घेऊन आमच्याच टेबलाशी बसे. एकदा ती म्हणाली, “काकू, तुम्ही सांगितलात तसाच शिरा केला. वाटीभर रवा, अर्धा लिटर दूध. नुसता कोरडा ठणठणीत झाला.”

“कुठली वाटी घेतलीस?”

“आमच्याकडची. आमटीची.”

“अगं, ती केवढी मोठी! वाटी म्हणजे ही,” म्हणत मेधाताईंनी मला डब्यातून बाहेर काढले.

गार्गी हसली आणि हसताहसता थांबली. “काकू, वेदांतचं हेच झालंय. नियमात ‘विशेष’ लिहिलंय, आणि वाटी ज्याची त्याची. इथली राज्यघटना म्हणते, माणसाचं स्वातंत्र्य कायद्यानंच काढून घेता येतं. पण ज्याचं माप आधी कुणालाच सांगता येत नाही, तो कायदा कसला?”

मेधाताई हळूच म्हणाल्या, “शिक्षा नको असं मी म्हणतच नाही गं. त्या माणसाचा हात मोडलाय. पण मापाची असू दे.”

मला केवढा अभिमान वाटला! कोर्टात माझीच बाजू मांडली जाणार होती. सुनावणीच्या सकाळी मेधाताईंनी मला घासूनपुसून ओट्यावर ठेवले आणि वेदांत सुटून येईल तेव्हाच्या शिऱ्यासाठी रवाही भाजून ठेवला.

निकालाच्या दिवशी गार्गी आली ती चपला न काढताच दारात उभी राहिली. “अपील फेटाळलं, काकू. ‘विशेष’ म्हणजे काय ते कुठल्याही समंजस माणसाला कळतं, असं न्यायाधीश म्हणाले.”

“मला नाही कळत,” मेधाताई म्हणाल्या. “मी समंजस नाही का?”

मलाही कळत नव्हते, आणि मी तर मापाची वाटी!

तेव्हापासून मी मांडणीवर आहे. भाजलेला रवा फ्रीजमध्ये तसाच आहे. मित्रांनो, भांडी हरवू नयेत म्हणून तुम्ही त्यांच्यावर नावे घालता. तुमच्यातले कुणी उद्या नियम लिहिणारे होतील. तेव्हा एवढीच काळजी घ्या, की तुमचा शब्द केवढा ते त्यावर कोरून ठेवा. त्याच्या मापाने कुणाचा तरी मुलगा घरी यायचा असतो.

आमच्याकडे घासलेली भांडी पालथी घालतात. मला मात्र मेधाताई रोज घासतात, पुसतात आणि उताणी ठेवतात, कधीही भरता येईल अशी.