आदर्श सायकलस्वाराची निवड

मंडप आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्या माणसाला भाषणं ऐकू येत नाहीत, त्याला फक्त रिकाम्या खुर्च्या दिसतात. त्या सकाळी खापरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपतं त्या नाक्यावर, मी ‘सायकलस्वार व पादचारी सुरक्षा शिबिरा’चा मंडप टाकला होता. पहिल्या रांगेत एक कुत्रं होतं, बाकी सगळं मोकळं.

समितीचे चिटणीस वामनराव घामाघूम झाले होते. हा माणूस जन्माला आला तोच चिटणीस म्हणून. आधी हुंडाबंदी, मग वृक्षारोपण, आता रस्ता सुरक्षा. स्वतः सायकलवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. अध्यक्ष होते ईश्वरदास शेठ. शहराबाहेर वाडीला त्यांची गोदामं. ज्यांच्या ट्रकांना भिऊन लोक सडक सोडून नालीत उतरायचे, त्याच शेठनी ‘पायी चालणाऱ्यांनो, सांभाळून चाला’ असा फलक रंगवून दिला होता. खाली गोदामाचा पत्ता, वरच्या उपदेशापेक्षा मोठ्या अक्षरांत.

“रुपराव,” वामनरावांनी बंदोबस्ताच्या शिपायाला हाक मारली, “शेठ यायच्या आत श्रोते पाहिजेत.”

रुपरावने श्रोते आणले. येईल ती सायकल थांबवायची, दोन्ही चाकांची हवा सोडायची, वॉल काढून टेबलावरच्या स्टीलच्या वाडग्यात टाकायचे. भाषण ऐका, वॉल न्या. घटकाभरात माझ्या खुर्च्या भरल्या. दूधवाले, मिस्त्री, शाळेचे मास्तर, सगळे शिव्या गिळत बसले.

त्यातच शालिकराम सापडला. कोष्ट्याचा तरुण माणूस. हातमागावर पोट भरेना, म्हणून माग गुंडाळून ठेवलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात खापरखेड्याच्या वीज केंद्राचं बोलावणं. खलाशांची, म्हणजे यंत्रांवरच्या मदतनिसांची, भरती होती. सायकल मेव्हण्याची, त्याला लग्नात मिळालेली, हँडलला अजून रेशमी गोंडे.

“साहेब, मले जाऊ द्या. अकराले गेट बंद करते तिथं. मग आत घेत नाही.”

“सगळेच घाईत हायेत गा,” रुपराव म्हणाला.

“माह्या सायकलीले घंटी हाये, दिवा हाये, दोन्ही ब्रेक लागते. पाहा ना! काहून काढता वॉल?”

“तुह्या एकट्याचे सोडले तं बाकीचे म्हणतीन रुपरावनं पैसे खाल्ले. बस तिकडं. शेठ आले का सुरूच होते.”

शेठ आले उशिरा. त्यांची मोटार उलट्या बाजूने येऊन मंडपाच्या तोंडाशी आडवी लागली, आणि पायी जाणारे लोक तिला वळसा घालून भर सडकेवरून जाऊ लागले. शेठनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. “देखा वामनराव? कोणी बाजूनं चालतच नाही.”

पादचाऱ्यांचं प्रात्यक्षिक मंडपातच होतं. चुन्याचे पांढरे पट्टे सतरंजीच्या पुढे मारले होते, कारण बाहेर मारले तर ट्रक पुसतात. भाजी विकणाऱ्या रंभाबाईला टोपलीसकट त्या पट्ट्यांवरून चालायला लावलं.

“हं, आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे बघा,” वामनराव माइकवरून म्हणाले.

“काय बघू बाप्पा, दोहीकडं तुमीच लोक बसून राहिले!”

लोक हसले. शालिकराम हसला नाही. तो मास्तरांच्या मनगटावरचं घड्याळ पाहत होता. दोनदा उठला, दोनदा रुपरावने दंडाला धरून बसवला. माझ्या खुर्चीची कड त्याने अशी धरली होती की मला खुर्चीचीच काळजी वाटली.

मग आदर्श सायकलस्वाराची निवड झाली. वामनराव बाहेर लावलेल्या सायकलींमधून फिरून आले. एकीला घंटी नाही, दुसरीला मडगार्ड नाही, तिसरीचा ब्रेक म्हणजे स्वाराची चप्पल. निर्दोष सायकल एकच निघाली. शालिकरामच्या गळ्यात हार पडला, हातात फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र आलं आणि तोंडापुढे माइक.

“दोन शब्द बोला,” वामनराव कुजबुजले.

“मले बक्षीस नको,” शालिकराम म्हणाला. “मले वॉल द्या. हवा भरून द्या. नोकरी जाते माही.”

टाळ्या पडल्या. शेठ खूश झाले. “कितना सीधा आदमी है!”

शालिकरामने वाडग्यातून मूठभर वॉल उचलले आणि पंप शोधू लागला. नाक्यावर सायकलचं दुकान एकच, गोविंदाचं, आणि गोविंदा व्यासपीठावर बसला होता. ‘मोफत हवा सेवे’बद्दल त्याचा सत्कार व्हायचा होता. पंपही तिथेच होता, पाटावर उभा, हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला. त्याची पूजा झाली होती, फोटो राहिला होता.

“हात नको लावू!” वामनराव ओरडले. “फोटोवाला रोल बदलतो आहे.”

“गोविंदाभाऊ, तुमी तरी!”

“माहा सत्कार होऊ दे ना गा,” गोविंदा बसल्या जागेवरून म्हणाला. “मग भरतो. फुकटच तं भरतो.”

फोटोवाल्याने रोल बदलला. गोविंदाला नारळ मिळाला. त्याने माळ काढून पंप खाली आणला आणि हवा भरली. तोवर मास्तरांच्या घड्याळात साडेदहा होऊन गेले होते, आणि खापरखेडा सायकलने तासाभराच्या वाटेवर. गळ्यातला हार तसाच ठेवून शालिकराम असा निघाला की पाकळ्या सडकेवर सांडत गेल्या. समितीचा चहा मी तसाच ओतून टाकला.

दुपारी मी मंडप उतरवत असताना तो परतला. वामनराव पावतीसाठी माझ्यापाशीच उभे होते.

“झालं का काम गा?” मी विचारलं.

“गेट बंद होतं. हात जोडले, पाया पडलो. चौकीदार म्हणे, पुढच्या भरतीले ये. कधी, तं त्याले मालूम नाही.” त्याने फ्रेम माझ्या खुर्चीवर ठेवली. “हे त्याले दाखवलं. हसला.”

“अरेरे,” वामनराव म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे रविवारी तू मोकळाच! गांधीबागेत आपली रॅली आहे. सगळ्यात पुढे आदर्श सायकलस्वार. नाश्ता समितीकडून.”

शालिकरामने त्यांच्या पायांपाशी थुंकून दिलं. मग सायकलवर टांग टाकली आणि शहराकडे निघाला, उजव्या बाजूनं, थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडावर. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारले, आयबहीण काढली. हा वळूनही पाहीना.

वामनरावांनी चपलेची कड मातीत घासली.

“बघा,” ते मला म्हणाले. “सकाळभर घसा फोडला. काय उपयोग आहे का या लोकांना शिकवून?”