झाडाखालच्या शेळीची साक्ष

मित्रांनो, जुनं असणं ही काही लपवायची गोष्ट नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी एक जुना बिनतारी संच आहे. लोक मला वायरलेस म्हणतात. तुमच्या घरातल्या रेडिओचा मी थोरला चुलता. रेडिओ नुसता आपलंच सांगत बसतो, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्याला सवय नाही. मी ऐकतोही आणि बोलतोही. त्याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा सांभाळून घ्या.

माझा जन्म लष्करासाठी झाला. रंग हिरवा, अंग पत्र्याचं आणि वजन असं, की दोन जवान मला उचलताना एकमेकांकडे रागानं बघायचे. लढाई मात्र मी पाहिली नाही. माझी सगळी नोकरी एका गोदामात गेली. मग एक दिवस पुण्याला आमचा लिलाव झाला आणि तुळजापूर तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेनं मला आणि माझ्या जोडीदाराला विकत घेतलं. बाहत्तरचा दुष्काळ पडला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या आणि पाण्याचा टँकर कुठल्या गावाला पोचला नि कुठल्या गावाला नाही, याचा पत्ता लागत नव्हता. संस्थेनं सरकारचा रीतसर परवाना काढला. जोडीदार तुळजापूरला कचेरीत बसला. मी जळकोटला आलो, भीमनगरात, मच्छिंद्रच्या पडवीत.

मच्छिंद्र फौजेत बिनतारीचं काम शिकून परत आलेला. हात लोहाराचे आणि कान गवयाचे. घरात त्याची आई मथुराबाई. तिला माझा आधी राग होता, कारण मी तिची जात्याची जागा बळकावली होती. तुळजापूरच्या टोकाला बोलायची प्रमोदिनी. ती देवीच्या पुजाऱ्यांच्या घरातली लेक, गणित घेऊन शिकलेली आणि संस्थेत कारकून.

पण मित्रांनो, बोलणं सोपं नव्हतं. तुळजापूर वर घाटमाथ्यावर, आम्ही खाली. मधे डोंगराचा खांदा. वाटेत आवाजाचं काय होईल त्याचा नेम नसे. कधी तो मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा, तर कधी चिमटीत नाक धरल्यासारखा. सकाळी एक तऱ्हा, उन्हं तापली की दुसरी. मच्छिंद्र फौजेतल्या शिस्तीनं ‘एक, दोन, तीन’ म्हणायचा, पण त्यानं काही धड कळायचं नाही. तोवर टँकर रस्त्यात उभा आणि घागरी रिकाम्या.

एकदा प्रमोदिनी कंटाळून म्हणाली, “मच्छिंद्रदादा, आकडे नकोत. दोघांना पाठ असेल असं एक वाक्य घेऊ. त्यात बारीक आवाज हवेत आणि जाडही. ते आधी बोलायचं. त्यातलं काय हरवलं हे ऐकलं, की वाट आज कशी आहे ते कळेल.”

मच्छिंद्र विचार करत बसला. बोलायची कळ मात्र त्यानं दाबूनच धरली होती. तेवढ्यात मथुराबाईनं अंगणातून शेजारणीला हाक घातली, “सखू, झाडाखाली शेळी हाय का?”

ती हाक माझ्यातून थेट तुळजापूरला पोचली. पलीकडून प्रमोदिनी ओरडली, “दादा, हेच! हेच वाक्य!”

आणि खरंच, त्या वाक्यात सगळं होतं. वाटेनं बारीक आवाज खाल्ला असेल, तर शेळीतला ‘श’ गायब व्हायचा. जाड आवाज खाल्ला असेल, तर झाड पोकळ व्हायचं. मच्छिंद्रनं मला दोन जादा बटणं बसवली. एक बारीक आवाज वाढवणारं, एक जाड. त्यांना मी माझे कान म्हणतो, कारण ती पिळायची असतात. सकाळी तुळजापूरहून शेळीची चौकशी यायची, मच्छिंद्र ऐकायचा, काय कमी पडलं ते ताडायचा आणि त्या मापानं माझा कान पिळायचा. मग पुढचा निरोप कसा खणखणीत यायचा! पाळीवर दुसरं कोणी बसलं तरी चुकू नये म्हणून त्यानं एका बटणाशी पांढऱ्या रंगानं शेळी काढली आणि दुसऱ्याशी झाड. शेळी थोडी कुत्र्यासारखी दिसते. ते मी त्याला कधी बोललो नाही.

त्या वाक्याचा पुढं असा डंका वाजला, की पोरं डबड्यांना दोरी बांधून ‘वायरलेस वायरलेस’ खेळू लागली आणि खेळाची सुरुवात शेळीनंच करू लागली. पाहणीला आलेल्या एका साहेबानं तर दिवसभर तीच चौकशी ऐकून जाताना मच्छिंद्रला बजावलं, “अरे, ती शेळी एकदाची छावणीत नेऊन बांधा. म्हणजे सगळ्यांचा घोर मिटेल.” टँकर मात्र ज्या त्या गावाला पोचत होते. मथुराबाईनं माझ्यावरचा राग सोडला आणि रोज माझ्यावरची धूळ पदरानं झटकू लागली. माझे सोन्याचे दिवस ते हेच.

पुढं पाऊसपाणी झालं, संस्थेला टेलिफोन आला आणि माझा परवाना संपला. शहात्तर साली सरकारी माणूस आला. त्यानं मला लाकडी पेटीत बसवलं, कडीला तार ओवली आणि तारेवर शिशाचं सील ठोकून त्यावर साल उमटवलं. माझी नोकरी संपली. मग माझ्या पेटीवर सांडगे वाळू लागले. पापड वाळू लागले. एका मांजरीनं दोनदा बाळंतपण उरकलं. याला लोक उपेक्षा म्हणतात. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण मांजरीची पिल्लं अंगाखांद्यावर खेळत असताना फार वेळ रुसून बसता येत नाही.

मच्छिंद्र मात्र स्वस्थ बसला नव्हता. गावातली दहावी झालेली पोरं जमवून त्यानं एक छोटी सहकारी संस्था काढली. ती दुधाच्या गाड्यांसाठी आणि उसाच्या ट्रकांसाठी लहान वायरलेस बनवायची. रीत तीच: आधी पाठ असलेला आवाज पाठवायचा, मग बटण जुळवायचं. पोरांच्या हाताला गावातच काम मिळालं. नाहीतर दिवाळी झाली की ऊसतोडीला किंवा सोलापूरच्या गिरण्यांच्या दारात उभं राहणं ठरलेलंच होतं.

आणि अशात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची नोटीस आली. तीत लिहिलं होतं: बिनतारी आवाजाची वाट ओळखून तो दुरुस्त करायची रीत आम्ही एकोणऐंशी साली शोधली आहे, तिच्या पेटंटसाठी आम्ही अर्ज केला आहे, सबब तुमचं काम बंद करा. त्या दिवसापासून कार्यशाळेत कथलाचा डाग देणं थांबलं. मथुराबाई दारात बसून एकच विचारायची, “आता ही पोरं जात्याल का रं गाव सोडून?”

प्रमोदिनी एस.टी.नं आली. नोटीस वाचता वाचता ती उभीच राहिली. “दादा, अहो, हे तर आपण दुष्काळात करत होतो!”

मच्छिंद्र म्हणाला, “ताई, एवढी मोठी कंपनी. त्यांचंच खरं असंल.”

“असेल तर मान्य करू. पण बघू तर खरं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. जी गोष्ट आधीपासून चारचौघांत वापरात आहे, तिच्यावर एकट्याला हक्क सांगता येत नाही.”

तिनं मुंबईच्या पेटंट कचेरीत हरकत नोंदवली. पुरावा म्हणून माझंच नाव दिलं! मित्रांनो, पेटीच्या आत, सांडग्यांच्या खाली, माझी छाती फुगली. मला हलवताना सील तुटलं असतं, म्हणून पेटंट कचेरीचे परीक्षक शिवशरणसाहेब स्वतः जळकोटला यायचं ठरलं. पेटी उघडायला बिनतारी खात्याची परवानगीही त्यांनी आणली.

आता ऐका काय झालं ते. साहेब येणार म्हटल्यावर मथुराबाईनं काय करावं? आपल्याकडे पाहुणा येणार म्हणजे सारवणं आलं, रंगवणं आलं. तिनं भिंतीला चुना दिला, जमीन सारवली आणि उरलेला गेरू माझ्या पेटीला फासला. पेटीला, कडीला, तारेला, सीललाही! मी आतून ओरडत होतो, पण वीज नसताना माझं कोण ऐकणार?

साहेब आले. बोलण्यात कानडी लकब, अंगात पांढरा सदरा आणि नजर शांत. सोबत कंपनीचे वकील. साहेबांनी पडवीत बसून कंपनीचा दावा मोठ्यानं वाचला आणि त्याचे तुकडे केले. आधी असा आवाज पाठवणं जो ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. तो कसा पोचला हे मूळ आवाजाशी ताडणं. त्यावरून वाटेनं काय बिघडवलं हे ओळखणं. आणि पुढचा निरोप त्या मापानं दुरुस्त करणं.

“एकही तुकडा कमी पडला, तर तुमची हरकत पडली,” ते मच्छिंद्रला म्हणाले. “हे काम तुम्ही गुपचूप करत होता का?”

मच्छिंद्रच्या आधी मथुराबाईच बोलली. “गुपचूप कसलं, साहेब! साऱ्या गावाला शेळी ठावं हाय. हितल्या कुठल्याबी माणसाला इचारा!”

अंगणात जमलेले सगळे हसले आणि एका सुरात ते वाक्य म्हणाले. साहेबही हसले. पण वकिलांनी मुद्दा काढला, आणि तो खोटा नव्हता. ते म्हणाले, “हा नुसता नमस्कार झाला. टेलिफोनवर आपण हॅलो म्हणतो तसा. त्यावरून तुम्ही काही दुरुस्त करत होता, याला पुरावा काय?”

“पेटीत हाय,” मच्छिंद्र म्हणाला. “बटनापाशी चित्रं हायत.”

“चित्रं काल काढली नसतील कशावरून?”

“सील हाय की! शहात्तर सालचं.”

सगळे पेटीकडे वळले. सील कुठं दिसेना. कडीवर नुसता लाल गेरूचा गोळा. मथुराबाई साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्या घात केला का रं, मच्छिंद्रा? म्या चांगल्यासाठी केलं रं...”

दारात उभी पोरं खाली बघू लागली. मला तर वाटलं, आपण पुन्हा गोदामात जावं.

शिवशरणसाहेब उठले. त्यांनी मथुराबाईच्या हातातला तांब्या घेतला. “रडू नका, आई. आमच्या घरीसुद्धा हेच केलं असतं,” ते म्हणाले. त्यांनी रुमाल भिजवला आणि सील हळूच पुसलं, चोळलं नाही. वरचा गेरू निघून गेला. पण शिशात साल उमटवलं होतं ना, त्या खाचांत जाऊन बसलेला गेरू काही निघाला नाही. करड्या शिशावर १९७६ हा आकडा कुंकवासारखा लालभडक उठून दिसला. इतका स्पष्ट तर तो ठोकला त्या दिवशीही नव्हता!

“वाचा, वकीलसाहेब,” साहेब म्हणाले.

वकिलांनी चष्मा वर करून वाचलं, तार तुटलेली नाही हे बघितलं आणि मान डोलावली. मग सील तोडून पेटी उघडली. कित्येक वर्षांनंतर मला उजेड दिसला, आणि उजेडात पहिल्यांदा दिसली ती मथुराबाई. माझ्या एका कानाशी शेळी होती, दुसऱ्याशी झाड. बटणं बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. साहेबांनी स्वतः एकेक बटण फिरवून पाहिलं, मच्छिंद्रला नि प्रमोदिनीला वेगवेगळं बसवून कुठलं बटण केव्हा फिरवायचं ते विचारलं. दोघांची उत्तरं जुळली. वकील शेळीकडे वाकून बघत म्हणाले, “हे कुत्रं आहे का?” आणि मच्छिंद्र सोडून सगळे पोट धरून हसले.

निकाल पुढं यथावकाश लागला. रीत जुनी आहे, ती आधीपासून लोकांत वापरात होती, म्हणून कचेरीनं तो दावा काढून टाकला. पण कंपनीचा दुसराही एक दावा होता: हे ताडणं नि दुरुस्त करणं माणसाच्या हाताशिवाय यंत्रानं आपोआप करायचं. ते आम्ही कधी केलं नव्हतं. तो कंपनीकडे राहिला. मच्छिंद्रला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “बराबर हाय. आपोआपचं डोकं त्येंचं हाय. आपलं आपल्याला, त्येंचं त्येंना.” मला त्याचा निकालापेक्षाही अभिमान वाटला.

निकाल आला त्या दिवशी कार्यशाळा पुन्हा उघडली. कथलाचा डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास माझ्यापर्यंत आला. परंड्याहून एका दूध संस्थेची माणसं नवे संच मागायला आली होती, त्यांना चहा द्यायलाही कोणाला सवड नव्हती. मथुराबाई उंबऱ्यात उभी राहून विचारत होती, “म्हंजी पोरं हितंच ऱ्हात्याल?”

“व्हय आई, हितंच.”

ती उंबऱ्यातच बसली आणि हसता हसता रडली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर, पलंगाखाली, सांडग्यांच्या ताटाखाली माझ्यासारखं कोणी बसलेलं असेल. भंगारवाल्याची हाक आली की लगेच धावत सुटू नका. त्याची धूळ झटका, हलक्या हातानं पुसा आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हे कशासाठी होतं? उद्या तुम्हीही काही नवं शोधाल, आणि ते खुशाल तुमच्या नावावर करा. पण त्याआधी, हे आपल्या आधी कोणी केलं होतं का, हे विचारायला लाजू नका. प्रमोदिनीनं ‘बघू तर खरं’ म्हणत तेच वेळेवर विचारलं, म्हणून जळकोटची पोरं आज आपल्या आईच्या हातची भाकरी खाऊन कामाला जातात.