ड्रममधला अक्रोड

मित्रांनो, मी एक अक्रोड आहे. वय सात वर्षे. आमच्यात सात म्हणजे पोरवय, तरी मला पाहून लोक म्हणत, "किती जुनं झाड!" खोड गाठाळ, पाने बारकी, उंची जेमतेम तुमच्या खांद्याएवढी. अवघडून बसलेला माणूस लवकर म्हातारा दिसतो, तसे माझे झाले.

ज्यांनी मला पेरले, ते एका उतारावर शेती करत. पूर्वी ते दरवर्षी नांगर धरत आणि दरवर्षी त्यांची माती पावसाबरोबर ओढ्यात जाई. एक दिवस नांगराला नुसता खडक लागला. त्यांनी नांगर ठेवून दिला आणि खायला देणारी झाडे लावली. वर अक्रोड, खाली तुती, तुतीच्या कडेने घेवडा. पाने गळत, कुजत, त्यांची माती होई. मुळे ती माती धरून ठेवत. एकदा लावलेले झाड पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालते आणि जमीन उकरावी लागत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. शेजारी हसत. "अक्रोड खायला काय तुझे पणतू येणारेत का?"

"येतील तेव्हा येतील. तोवर तू तुती खा अन् गप्प बस."

अक्रोडाचे बी जमिनीत पेरले की उंदीर उकरून खातात. म्हणून ते तेलाचे उंच डबे घेत, त्यांचे तळ कापून टाकत, फळीवर उभे करून त्यांत माती भरत आणि बी पेरत. रोप वीतभर झाले की डब्यासकट खड्ड्यात ठेवायचे. मूळ खाली रुजले की डबा वर ओढून काढायचा. आमचे मूळ सरळ खाली जाते. झाड वर दिसायच्या आधी ते पाताळाची वाट धरते.

त्या वर्षी बारा डबे होते. पण पेरणीनंतर ते अंथरुणाला खिळले. पडल्यापडल्या दिसावा म्हणून एक डबा त्यांनी खिडकीत ठेवून घेतला. तो मी. माझे पहिले पान त्यांनी पाहिले. दुसरे पान त्यांच्या मुलीने एकटीने पाहिले.

अकरा डबे त्यांच्या बहिणीने उतारावर लावले. बारावा मुलीने मांडीवर धरून शहरात नेला. फळीवरून उचलताना खालून माती सांडली, तेव्हा तिला वाटले, डबा फुटका आहे. म्हणून तिने तो तसाच एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये बसवला, भोवती माती भरली आणि मला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली ठेवले.

तिने मला काही कमी पडू दिले नाही. पाने ओल्या फडक्याने पुसली. उन्हाकडे ड्रम फिरवला. पाहुणे कौतुक करत, तेव्हा ती इतकेच म्हणे, "बाबांनी लावलाय."

माझे मूळ खाली निघाले आणि ड्रमच्या तळाला थडकले. मग ते वळले. भिंत लागली, पुन्हा वळले. मी सहा वर्षे चालत होतो आणि कुठेच पोचत नव्हतो. वर डब्याचा पत्रा कमरेत रुतत होता. अखेर एक मूळ हिंडत हिंडत माझ्याच गळ्याशी आले आणि तिथेच जाड होत गेले. पाने पिवळी पडली. ती पाहून मुलगी आणखी पाणी घालू लागली. त्या पाण्यावर ते मूळही पोसले.

एकदा आत्या डोळे तपासायला शहरात आली. गॅलरीत येऊन थबकली.

"हा अजून इथंच?"

"बाबांनी लावलाय तो."

"मग माझे अकरा काय मी दुकानातून आणलेत?"

तिला नीट दिसत नव्हते. तिने मातीत हात घातला, माझा गळा चाचपला आणि हात तिथेच ठेवला.

"ड्रममध्ये का घातलास गं?"

"डब्याचा तळ फुटला होता, आत्या."

"फुटला नव्हता. त्यानं कापला होता. याला खाली जाता यावं म्हणून."

मुलगी कठडा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "नेला तर जगेल?"

"सांगता येत नाही. मुळं कापावी लागतील, त्यात कदाचित जाईल. इथं मात्र नक्की जाईल."

"माझ्याकडे त्यांचं एवढंच आहे."

"माहितीये मला. भाऊ होता माझा."

आठवड्याने मी टेम्पोतून उतारावर आलो. ड्रम करवतीने चिरला, डबा पत्र्याच्या कात्रीने कापला. दोन्ही गेले तरी माझी मुळे ड्रमच्याच आकारात उभी होती. आत्याने कोयता मुलीच्या हातात दिला. "तूच काप. मला दिसत नाही." मुलीने आधी गळ्याचे मूळ तोडले, मग गोल फिरलेली बाकीची, एकेक, न थांबता. मला फार दुखले. तिचे मला कळले नाही. ती खाली मान घालून होती.

आता भोवती भिंत नाही, तरी मुळे सवयीने वळतात. पाने सगळी गळाली आहेत. मी जगेन की नाही, ठाऊक नाही. दर रविवारी मुलगी येते, नखाने माझी साल जराशी खरवडते आणि वाकून आत पाहते. परवा तिला आत हिरवी रेघ दिसली. बारीकच होती. पुढच्या रविवारपर्यंत पुरेल एवढी.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या हातचे एखादे रोप तुमच्याही घरी कुंडीत असेल. एकदा मातीत बोट घालून पाहा. मूळ गोल फिरू लागले असेल, तर त्याला आणखी पाणी घालू नका. त्याला जमीन द्या. आणि मला मिळाली त्याहून लवकर द्या.