शेवटची काचेची पेटी

जिल्ह्याच्या भांडारात सगळे त्याला तराजू म्हणत. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांना यंत्रं वाटायचं काम त्याचं. लढाई पेटल्यापासून वशिला लावणाऱ्यांची रीघ लागली होती, पण तो प्रत्येकाला एकच ऐकवायचा, "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्याकडे चालायचं नाही."

पण काल धाकट्या बहिणीचा निरोप आला. टेकडीपलीकडच्या दवाखान्यात ती सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. अकरा वर्षांनी कूस उजवली, तर मुलगा ओंजळीत मावेल एवढा, आणि अंगात ऊब म्हणून टिकत नव्हती. अशा बाळांना ठेवायची काचेची पेटी भांडारात एकच उरली होती. ती यादीप्रमाणे नदीपलीकडच्या दवाखान्याची. यादी त्यानेच केली होती, आठवड्यापूर्वी सगळीकडे धाडली होती.

दिवसभर तो त्या पेटीभोवती घुटमळला. आज दुपारी त्याने पेटी गाडीत चढवली आणि नदीचा रस्ता सोडून टेकडीचा धरला. एवढ्या वर्षांत पारडं पहिल्यांदाच झुकलं, तेही थेट घराकडे. त्याची त्याला लाज वाटत होती, पण गाडी काही त्याने वळवली नाही.

दवाखान्याची एक भिंत उडाली होती. व्हरांड्यात जखमी दाटीवाटीने निजले होते. बहिणीची खाट रिकामी दिसली, तसा तो नर्सकडे धावला.

"घाबरू नका, दादा," नर्स म्हणाली. "चार दिवस लाइट नाही, जनरेटरला डिझेल नाही. इथे बाळ कसं जगवणार? सकाळीच दोघांना नदीपलीकडे पाठवलं."

"तिकडे कशाला?"

"तिथे लाइट आहे. आणि काचेची पेटी आज तिथेच यायची होती ना? तुमच्या बहिणीला मी यादी दाखवली. म्हणाली, दादाची सही आहे म्हणजे पोचलीच असेल."

तो तसाच गाडीकडे वळला.

"आता कुठे निघालात? पूल चारलाच बंद झाला, सकाळशिवाय उघडत नाहीत. बसा जरा. सामान उतरवून घेऊ. काय आणलंय?"

"पेटी," तो म्हणाला.

नर्सला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने मान खाली घातली. सकाळ व्हायला अजून चौदा तास होते, आणि बाळ पलीकडे त्याच्या सहीच्या भरवशावर होतं.