किल्लीवाल्याच्या दाराचं कुलूप

“मुलं किती?” मी फॉर्म बघून विचारलं.

“तुला माहीत नाही होय?” बाबा म्हणाले.

मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीला येताना चार पानी फॉर्म भरून आणायला सांगितलं होतं. भेट अकराची. बाबांनी पन्नास वर्षं अख्ख्या गावाला किल्ल्या करून दिल्या, पण घरच्या कागदांचं लोढणं माझ्या गळ्यात. घर, दुकान, सगळं लिहून झालं. घोडं अडलं एकाच ओळीवर: प्रत्येक मुलाचं नाव आणि सध्याचा पत्ता.

माझा धाकटा भाऊ तेरा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून निघून गेला. पुन्हा ना पत्र, ना फोन. आई त्याची वाट बघत गेली. तिचं दुखणं मी काढलं, आता बाबांचं काढतेय. मला घराची हाव नाही, पण त्याचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

“त्याची ओळ कोरी ठेवू या,” मी म्हटलं. “जिवंत आहे का हेच माहीत नाही, पत्ता कुठला लिहायचा?”

बाबा उठले आणि तेलाची बाटली घेऊन दारापाशी गेले. आमच्या दाराचं कुलूप म्हणजे दिव्याखाली अंधार. दार थोडं उचलून धरल्याशिवाय किल्ली फिरत नाही. मी तीनदा नवं कुलूप आणलं, तिन्ही वेळा त्यांनी ते दुकानात नेऊन विकलं.

“आता तरी बदला हो ते. एक दिवस किल्ली आतच मोडेल.”

“नको.” त्यांनी कुलपात तेलाचा थेंब सोडला. “याच्या तीनच किल्ल्या केल्या होत्या. एक माझ्याकडे. आईची तुला दिली. तिसरी तो घेऊन गेलाय. बदललं, तर आला की बाहेरच उभा राहील.”

तेरा वर्षं मी याला चिक्कूपणा समजत होते. मला भावाचा हेवा वाटला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

“मग पत्ता काय लिहू?”

“इथलाच लिही की.”

माझ्या पत्त्याखाली, त्याच्या नावापुढे, मी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं.

निघताना बाबांनी दाराची कडी धरून जोर लावला. आताशा त्यांच्यानं दार उचलवत नाही. मी खांदा लावून दार वर धरलं, त्यांनी किल्ली फिरवली.