धुऱ्याकाठचे दोनशे मीटर

पुस्तकात पान ८६ आणि ८७ नाहीत. झेरॉक्सवाल्यानं दोन पानं एकदम उलटली असणार.

रानडुक्कर कुंपणाखालून येतं, वरून नाही.

३८, ४४, ५२, ४९, ४१, ३०, २२.

माझी याडी, म्हणजे आई, सुखीबाई, मार्चमध्ये गेली. तेव्हापासून आमच्या घरात दही विरजलं गेलेलं नाही.

ढाणकीच्या बाजारात लोखंडी सळया मिळाल्या. चार. अडीच अडीच फुटांच्या.

समासात, माझ्याच अक्षरात : हे कोणाला विचारू?

*

पुस्तक उलट्या प्रश्नांचं आहे. सुलटा प्रश्न असा : जमिनीखाली काय आहे ते माहीत आहे, तर वर काय मोजलं जाईल? उलटा असा : वर हे मोजलं गेलंय, तर खाली काय असेल? सुलट्याला एक उत्तर असतं. उलट्याला कधी दहा असतात आणि दहाही आकड्यांना सारखीच बसतात.

इंग्रजी, साडेतीनशे पानी, एम.एससी.च्या पुढच्या मुलांसाठी. मी ते आमच्या तांड्यावर, कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, पडवीत बसून वाचलं. जुलै ते ऑक्टोबर. या चार महिन्यांत त्यातला एकही शब्द मी तोंडानं उच्चारला नाही. उच्चारला असता, तरी बरोबर की चूक हे सांगणारं कोणी नव्हतं.

बाला, माझ्या वडलांना, वावरात बोअर पाडायचा होता. जागा अंजू, म्हणजे मी, सांगेल, असं त्यानंच ठरवलं.

शेजारच्या वावराचे वामनराव मधल्या धुऱ्यावरून, बांधावरून, ओरडले, "शंकरसिंग, नारळवाल्याले बोलाव ना! तळहातावर ठेवला का दहा मिनिटात उभा राह्यते नारळ. तुही पोरगी चार महिन्यापासून कागदातच पाणी पाहून राह्यली."

"तुमचा नारळ एम.एससी. हाय का?" बा म्हणाला.

वामनराव हसले. मीही हसले. 

*

सोमवार. जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं मीटर कॉलेजातून आठवड्यासाठी मिळालं होतं.

एका सरळ रेषेत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोनांवर मोजायचं. बाहेरच्या सळया लांब लांब नेत जायच्या. जितक्या लांब, तितकी वीज खोल उतरते. कोरडा दगड विजेला अडवतो, ओला तिला वाट देतो. आकडा पडला की खाली ओल.

रेषा वावराच्या मधून हवी होती. पण कापूस फुटायला लागला होता आणि सीतादही झाली नव्हती. पहिल्या वेचणीआधी घरची बाई वावरात पूजा करते, पऱ्हाटीवर, कपाशीच्या झाडावर, दहीभात शिंपडते. तोवर फुटलेल्या कापसात पाय टाकायचा नाही. ही रीत आईनं वामनरावांच्या इंदूबाईकडून उचलली आणि तीस वर्षं पाळली. आता घरची बाई मी होते. मला कोणी कर म्हटलं नाही. मीही करते म्हटलं नाही.

बानं बोट दाखवलं. "धुऱ्यानं टाक."

धुऱ्यावर कुंपणाच्या कडेनं दोनशे मीटर सरळ जागा होती. टाकली.

*

मंगळवार. आकडे ५२पर्यंत चढून २२वर पडले होते. म्हणजे काळी माती, मुरूम, कोरडा दगड, आणि पस्तीस मीटरवर ओला, भेगाळलेला खडक. मी मोजलेली रेघ आणि गणितानं काढलेली रेघ एकीवर एक बसल्या. अशा तर पुस्तकातल्या उदाहरणांतही बसत नव्हत्या. कोणाला तरी दाखवायला मी लॅपटॉप उचलून अंगणात आले. अंगणात कोंबड्या होत्या.

बा आल्यावर सांगितलं.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं माझ्यासमोर बोअरवाल्या धावजीला फोन लावला. शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन ये.

*

गुरुवार, सकाळ. बा कुंपण नीट करत होता. वर जनावरांना विजेचा झटका देणाऱ्या मशीनची तार, खाली काटेरी तार. काटेरी तार लोखंडी अँगलच्या खांबांना थेट आवळलेली. अँगल जमिनीत दोन दोन फूट.

मी अँगल मोजत चालत गेले. पंचेचाळीस.

माझी रेषा या तारेपासून चार फुटांवरून, तिच्या जोडीनं, टोकापासून टोकापर्यंत गेली होती. वीज खडकात उतरलीच नव्हती. ती कुंपणातून निघून गेली होती. मी कुंपण मोजलं आणि त्याला पाणी म्हटलं.

हे पान ८७वर असेल, असं म्हणता आलं असतं. पण ते पान १४१वर होतं. खाली पेन्सिलनं रेघही मारलेली होती : फरक लहान आला, एवढ्यानं मॉडेल खरं ठरत नाही.

"बा."

"कांई वेगो?" काय झालं, असं त्यानं न वळताच विचारलं.

मला ते आमच्या बोलीत सांगता येईना. मराठीतही येईना. शेवटी मी हातातली सळई अँगलवर वाजवली.

"म्या पाणी नाई मोजलं. हे मोजलं."

तो वळला. "म्हंजे पाणी नाई?"

"म्हंजे मले माहीत नाई."

"मंग माहीत व्हाले काय लागते?"

"मधून रेषा लागते. कापसातून."

त्यानं कापसाकडे पाहिलं. "मीटर कधी वापस द्याचं हाय?"

"शनिवारी."

तो घराकडे गेला. अर्ध्या तासानं स्टीलची वाटी घेऊन आला. वाटीत दहीभात होता. दही इंदूबाईकडून मागून आणलं होतं.

"शिंपडताना याडी काय म्हणे तुही?"

"मले नाई माहीत."

"मले बी नाई."

त्यानं पाच पऱ्हाट्यांवर भात शिंपडला. उरलेली वाटी माझ्यापुढे धरली. मीही शिंपडला. मग टेपचं टोक हातात घेऊन, खांद्यानं पऱ्हाट्या सारत, तो आत शिरला. फुटलेली बोंडं तुटून त्याच्या पायाशी पडत होती.

"सरळ हाय का?" आतून आवाज आला.

"डाव्या अंगाले घे."

"आता?"

"आता हाय."

४०, ५१, ७०, ९६, १३८, १९०, २४४.

आकडे चढतच गेले. दुपारी मी त्यांना जमिनीखालच्या थरांची अकरा वेगवेगळी मॉडेलं बसवून पाहिली. अकराही बसली. त्यातलं खरं कोणतं, ते मी सांगू शकत नाही. एकाही मॉडेलमध्ये चाळीस मीटरपर्यंत पाणी नव्हतं.

"नाई हाय, बा."

"पक्कं?"

"पक्कं नाई. पण मंगळवारपेक्षा जास्त."

"बरं," तो म्हणाला. तुटलेली बोंडं त्यानं दुपट्ट्यात गोळा केली होती. ती घेऊन घरी गेला.

*

शुक्रवार. गाडी आली की परत पाठवायची म्हणून मी सातपासून फाट्यावर उभी होते. चूक माझी आहे, बाची नाही, हे कसं सांगायचं ते जुळवत होते. दुधाची गाडी गेली. शाळेची जीप गेली. सोयाबीनचे दोन ट्रॅक्टर गेले. साडेदहा वाजले.

शेवटी मी धावजीलाच फोन लावला. बानं त्याला बुधवारीच, माझी चूक मला कळायच्या आदल्या दिवशी, फोन करून सांगितलं होतं, येऊ नको.