कोलंबियाचा कोंबडा

निपाणीच्या जैन गल्लीत कोंबडा आरवला, ही बातमी तंबाखूच्या बाजारात माझ्या आधी पोचली. मी दलाल माणूस. कुठलीही बातमी माझ्या आधी बाजारात पोचलेली मला परवडत नाही. म्हणून तडक कुंथुनाथ अण्णांची वखार गाठली.

"अण्णा, तुमच्या माडीवर कोंबडा हाय म्हणत्यात."

"माडीवर न्हाय रं परशराम," अण्णा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत म्हणाले. "कोलंबियात हाय."

अण्णा हे तंबाखूचे व्यापारी, पण बैठक म्हणून नाही. बसले की मांडी हलणार, उभे राहिले की किल्ल्या वाजणार. दोन वर्षांपूर्वी बेळगावहून त्यांनी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला, सन छत्तीसमध्ये, आणि माडीवर दोन बांबू उभे करून तार ताणली. गावात आणखी एकदोघांकडे रेडिओ होते. ते लोक लंडनच्या बातम्या ऐकत, मुंबईचं गाणं ऐकत आणि झोपत. अण्णांना तसल्या राजरस्त्यावर रस नव्हता. रेडिओच्या पट्टीवर पंचेचाळीस ते पन्नास मीटरच्या दरम्यान एक ओसाड माळ होता, तिकडं कुणी फिरकत नसे. पहाटे उठून अण्णा तिथं बटण केसाकेसानं सरकवत. खरखर, शिट्ट्या, पुन्हा खरखर. मग एखादा परका आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा वर यायचा आणि अण्णांची मांडी हलायची थांबायची. मांडी थांबली की आतल्या खोलीत पाणी गाळणाऱ्या चंपाक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळायचं की काहीतरी लागलं.

हा माणूस एका जागी ठरावा म्हणून चंपाक्कांनीच आषाढात त्यांना बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, मुनिमहाराजांपुढं नेलं होतं. तिथं अण्णांनी वर्षभरासाठी देशव्रत घेतलं. म्हणजे आपली हद्द आखायची आणि तिच्या बाहेर जायचं नाही, बाहेर काही पाठवायचं नाही, बाहेरून काही मागवायचं नाही. अण्णांनी हद्द मोठ्या भक्तिभावानं आखली. उत्तरेला पुणं, दक्षिणेला हुबळी, पूर्वेला विजापूर, पश्चिमेला मालवण. मी मनातल्या मनात पडताळून पाहिलं. एकही गिऱ्हाईक बाहेर राहिलं नव्हतं. आणि बाकीचं जग तर रोज पहाटे माडीवर येतच होतं. व्रत शरीराला होतं, कानाला नव्हतं.

त्या पहाटे असं झालं. आधी तारांचं एक वाद्य वाजलं, मग कुणी पुरुष भराभर बोलला, त्यात 'कोलोंबिया' हा शब्द दोनदा स्पष्ट आला. मग घंटा झाली आणि कोंबडा आरवला. ती त्या स्टेशनची खूण असावी. दुसऱ्या कुणी ते कानात साठवलं असतं. अण्णांनी आनंदानं आवाज मोठा केला.

शेजारच्या जयाबाई आडावर होत्या. ज्या घराचा उंबरा बटाटासुद्धा ओलांडत नाही, त्या घरातून कोंबडा आरवलेला त्यांनी ऐकला. गल्लीनंही ऐकला. दुपारपर्यंत त्याची कोंबडी झाली होती, संध्याकाळपर्यंत तिनं अंडीही घातली.

अण्णांचे चुलतभाऊ आप्पाण्णा बस्तीचे पंच. ते म्हणाले, "कुंथू, ह्येचा निकाल लागंपर्यंत तू अभिषेकाला कलश धरू नगंस. मी म्हणत न्हाय, समाज म्हणतोय."

समाज म्हणजे कोण, हे विचारायची सोय नसते.

"या की मग," अण्णा म्हणाले. "पहाटे या. कानानं ऐका."

पंच आले, मीही गेलो. अण्णांनी बटण पुढं नेलं, मागं नेलं. खरखर. घाम पुसला, तार हलवून आले. खरखर. "कालपरवा हितंच हुतं," असं म्हणत असताना मागच्या गल्लीतून नागोजीचा कोंबडा आरवला, चांगला खणखणीत.

"अरं वा," आप्पाण्णा उठत म्हणाले, "कोलंबिया लई जवळ आली की रं!"

ते वाक्य बाजारात गेलं. आमच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. कागद नसतो, साक्षीदार नसतो, असतो तो फक्त शब्द. आता कुणी शेतकरी अण्णांच्या वजनाला बिचकला की दुसरा म्हणे, "घे की, कोलंबियाचा कोंबडा हाय त्यो." अण्णांच्या तोंडावर कुणी हसत नव्हतं, पण रुमाल धरताना शेतकरी बोटं आधीसारखी निवांत ठेवत नव्हते. अण्णांना कोंबड्यापेक्षा ते जास्त लागलं. जेवणातून उठायचे, वखारीतून घरी, घरातून वखारीत. किल्ल्यांचा आवाज आला की हमाल समजायचे, अण्णा पुन्हा आले.

उपाय होता आणि तो अण्णांनीच मला पूर्वी सांगितला होता. असल्या स्टेशनला पत्र लिहायचं, अमुक दिवशी अमुक वेळी काय ऐकलं ते कळवायचं. जुळलं तर ते लोक छापील कार्ड पाठवतात.

"मग लिवा की!" मी म्हटलं.

अण्णांनी टाक दौतीत बुडवला. तो तसाच राहिला.

"हद्दीबाहेर काय पाठवायचं न्हाय, परशराम. मागवायचं बी न्हाय."

"मी लिवतो."

"माझ्यासाठनं लिवलास तर ते मीच पाठवल्यागत. त्यालाबी दोष सांगितलाय."

"माझ्या मनानं लिवतो."

"तू ऐकलास?"

"न्हाय."

"मग ती खोटी साक्ष. एक किटाळ हाय ते बास हाय."

"आषाढापर्यंत थांबायचं म्हणता?"

"ही स्टेशनं जत्रंतल्या दुकानासारखी असत्यात. तवर कशाला ऱ्हातंय?"

"म्हंजे ज्यानं सोता ऐकलंय त्यानं, आपल्या मनानं..." मी आवाज जरा चढवला. आतल्या खोलीत बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

"तसं मी कुणाला सांगायचं न्हाय," अण्णा टाक ठेवत म्हणाले. "खूणसुदीक करायची न्हाय."

त्यानंतर अण्णांनी पहाटेचा रेडिओ सोडला. त्या वेळी ते बस्तीत जाऊन गाभाऱ्याबाहेर उभे राहत आणि दुसऱ्यांनी कलश ओतलेला बघत. उभ्यानंही त्यांचा पाय हलतोय, असं मला पुजाऱ्यानं सांगितलं.

दिवाळीनंतर एका पहाटे वखारीच्या किल्ल्या घ्यायला मी त्यांच्याकडं गेलो, तर जिन्यातच शिट्टी ऐकू आली. वर चंपाक्का. पदर खोचलेला, कान रेडिओला टेकलेला, हात बटणावर.

"परशराम, गप उभा ऱ्हा."

"आक्का, तुम्हाला जमतंय ह्ये?"

"दोन वर्सं कानावर पडतंय. कान काय पुरुषांनाच दिल्यात व्हय?"

रोज बसत होत्या म्हणे. अण्णा बस्तीतून परतायच्या आत बटण जिथल्या तिथं. आणि त्या दिवशी ते आलं. मी शपथेवर सांगायला तयार आहे. तारांचं वाद्य, बाईचं गाणं, घंटा, कोंबडा. आक्कांनी आवाज इतका बारीक ठेवला होता, की तो कोंबडा माडीवरून जिन्यातही उतरला नसता. अण्णांनी एवढंच केलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण मग ते अण्णा नसते.

"लिही," आक्का म्हणाल्या. माझं इंग्रजी चौथीपर्यंतचं. ते त्या दिवशी फार ताणलं गेलं. बाई गाता गाता मध्येच हसली. शेवटचा टोला दबका पडला. कोंबडा दोनदा आरवला, दुसऱ्यांदा मान धरल्यासारखा मध्येच तुटला. हे सगळं लिहून मी पत्ता अण्णांच्याच स्टेशनांच्या पुस्तकातून उतरवला. खाली सही चंपाबाईंची, मोडीत.

"अण्णांना सांगायचं?"

"त्येनी मला काय सांगितलंय? न्हाय न्हवं? मग मी त्यास्नी कशाला सांगू?"

पत्र बोटीनं गेलं. तंबाखूचा हंगाम आला. नेहमीच्या काही गाड्या अण्णांच्या वखारीसमोरून पुढं निघून गेल्या. अण्णा त्या मोजत नव्हते, असं दाखवत होते. पोस्टमन यल्लाप्पा गल्लीत शिरला की चंपाक्का दारात आणि मी चौकात, आणि अण्णा आम्हा दोघांकडं बघून म्हणायचे, "तुम्हाला काय झालंय रं? माझा रोग लागला व्हय?"

फाल्गुनात यल्लाप्पा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला. पाकीट तो वाचल्याशिवाय देत नाही, हे त्या दिवशी कामाला आलं. "चंपाबाई, निपाणी! काय तिकीट हाय बगा!" जयाबाई बाहेर आल्या. मागोमाग अख्खी गल्ली. पाकिटातून कार्ड निघालं आणि कार्डावर लालभडक कोंबडा, चोच उघडलेला.

आप्पाण्णांनी ते उलटं केलं, सुलटं केलं.

"कोंबडा हाय खरा," ते म्हणाले. मग पंचाचा कणा ताठ झाला. "पर ह्ये वैनीचं हाय. कुंथूनं ऐकलं त्येची पावती कुठं हाय?"

"भावजी, पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी बी ऐकलासा की," चंपाक्का शांतपणे म्हणाल्या. "सगळी मिळून लिवा. तुम्हास्नी बी येईल."

पहिल्यांदा जयाबाई हसल्या. मग गल्ली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी अभिषेकाला कलश धरला, आणि आठवडी बाजाराला दोन गाड्या परत त्यांच्या दारात लागल्या.

कार्डाला मात्र ते हात लावेनात. दोन्ही हात पाठीमागं धरून वाकून बघत होते.

"घ्या की," चंपाक्का म्हणाल्या.

"हद्दीबाहेरनं आलंय गं."

"तुम्ही मागवलंय व्हय?"

"न्हाय." तरी हात मागंच. मग त्यांनी तारीख वाचली. "ह्या दिवशी मी बस्तीत हुतो."

"व्हय."

"लई चांगलं लागलं हुतं?" जेवणावळ चुकलेल्या माणसानं विचारावं तसं ते विचारत होते.

"स्वच्छ."

कार्ड तांदळाच्या खळीनं भिंतीवर गेलं. किल्ल्यांसाठी मी अजून पहाटे जातो. परवा गेलो तर अण्णा बस्तीतून धावतपळत आलेले, धोतर अजून ओलं. रेडिओसमोर चंपाक्का, पाठमोऱ्या.

"कुठवर गेलीस गं?"

"गप बसा. कायतरी लागतंय."

अण्णा शेजारी बसले. मांडी सुरू झाली, चटई सळसळायला लागली. चंपाक्कांनी मागं न बघता डावा हात त्यांच्या गुडघ्यावर दाबून धरला. उजवा बटणावर होता.